कैद्याच्या पोषणाचा खर्च कोणी सोसावयाचा?

घरातील कर्ता माणूस तुरुंगात गेला म्हणजे मागे राहिलेल्या मंडळींपुढे आधी अब्रूचा आणि लगेच पाठोपाठ पैशाचा प्रश्न उभा राहतो. वकिलाची फी, जामिनाची खटपट व तहसिलीच्या खेपा हे खर्च तर असतातच. त्यांच्या जोडीला, आत असलेल्या माणसाच्या भाकरीचे पैसेही आपणासच भरावे लागतील, अशी धास्ती पुष्कळांना वाटत असते. अशा धास्तीचा लाभ घेणारे मध्यस्थही मग भेटतात. सबब कैद्याच्या पोषणाचा भार कायद्याने कोणावर टाकला आहे, हे नीट समजावून घेणे इष्ट होय.

आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील चौथी नोंद तुरुंगांची आहे. तुरुंग आणि त्यांत ठेवलेल्या व्यक्ती हा विषय राज्यांच्या अखत्यारीतील आहे. कैद्यांच्या निवासाची सोय करण्याची जबाबदारी 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या चौथ्या कलमानेही शासनावरच टाकली होती. बालाघाटच्या कारागृहास "जिल्हा कारागृह" म्हणतात, तथापि त्याचा खर्च जिल्हा पंचायत अथवा नगरपालिका करीत नाही. तो राज्याच्या अंदाजपत्रकातून होतो. आरोपी कच्चा कैदी असो वा शिक्षा झालेला असो, त्याच्या धान्याचा हिशेब त्याच्या घरी पाठविला जात नाही.

सर्वत्र असेच असते असे मात्र नाही. अमेरिकेत जिल्ह्यासारख्या स्थानिक घटकांचे स्वतःचे तुरुंग असतात. राज्याचा कैदी त्यांत ठेवला तर राज्याकडून खर्चाची भरपाई घेतली जाते. लुइझियाना राज्यात तर राज्याच्या कैद्यांपैकी फार मोठा भाग स्थानिक शेरीफांच्या तुरुंगांत असतो आणि दर कैद्यामागे दर दिवसाचा ठराविक आकार शेरीफाला मिळतो. अशा पद्धतीत तुरुंग भरलेला राहण्यातच एखाद्या कार्यालयाचे हित गुंतून पडते. आपल्याकडे तो मोह नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे हिशेबाचा प्रश्न उद्भवतो तो राज्याराज्यांत. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी बालाघाट, भंडारा व नागपूर एकाच राज्यात होते, त्यामुळे तो उद्भवत नसे. आता लांजीकडील एखाद्यास गोंदियाच्या न्यायालयात शिक्षा झाली तर तो महाराष्ट्राचा कैदी होतो, आणि म्हाताऱ्या आईबापांना भेटीसाठी परराज्यात जावे लागते. अशांसाठी 1950 चा कैदी स्थलांतर अधिनियम आहे. शिक्षा झालेल्या कैद्यास एका राज्याचे शासन दुसऱ्या राज्याच्या संमतीने तेथील कारागृहात पाठवू शकते. दुसऱ्या राज्याच्या तुरुंगांचा वापर करण्याविषयीची व्यवस्था हा विषय संविधानातील त्याच चौथ्या नोंदीत नमूद आहे. खर्चाबाबत जे ठरावयाचे ते दोन शासनांनी आपसांत ठरवावयाचे. कुटुंबाचा त्याच्याशी संबंध येत नाही. कुटुंबाने करावयाचे ते एवढेच, की कैदी जेथे आहे तेथील अधीक्षकांमार्फत अर्ज द्यावा. कच्च्या कैद्यास मात्र हा अधिनियम लागू होत नाही.

या सर्वांस एक अपवाद आहे, आणि खेडुतांस त्याची माहिती सर्वांत कमी असते. तो म्हणजे दिवाणी कैद. सावकाराने, व्यापाऱ्याने किंवा बँकेने दिवाणी न्यायालयातून पैशाचा हुकूमनामा मिळविला आणि ऋणकोने रक्कम दिली नाही, तर त्यास दिवाणी तुरुंगात ठेवण्याची मागणी करता येते. परंतु ही कैद अपराधाची शिक्षा नसून वसुलीचे साधन आहे. म्हणून ऋणकोच्या निर्वाहाचा भत्ता, मागणी करणाऱ्या हुकूमनामाधारकानेच द्यावयाचा असतो. न्यायाधीशास पुरेशी वाटेल ती रक्कम न्यायालयात जमा केल्याखेरीज अटकच होत नाही. पुढील भत्ता दर महिन्याच्या पहिल्या तारखेपूर्वी आगाऊ भरावा लागतो. तो भरण्यात कसूर झाली तर ऋणकोची सुटका करावी लागते, आणि त्याच हुकूमनाम्यावर त्यास पुन्हा अटक करता येत नाही. अर्थात सुटला म्हणून कर्ज फिटले असे होत नाही. मिळकतीवर जप्ती येऊ शकते. दिलेला भत्ता दाव्याच्या खर्चात धरला जातो, परंतु तेवढ्या रकमेसाठी ऋणकोस डांबून ठेवता येत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 58 व्या कलमातील आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. 1 जुलै 2002 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हुकूमनामा 2,000 रुपयांपर्यंतचा असेल तर कैद नाहीच; त्याहून अधिक पण 5,000 रुपयांपर्यंत असेल तर फार तर सहा आठवडे आणि त्यापुढे फार तर तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस कोणत्याही परिस्थितीत अटक करता येत नाही. अटकेसाठी सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरताही येत नाही.

केवळ पैसे दिले नाहीत एवढे कारण कैदेस पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निर्णयाने हे स्पष्ट केले. ऐपत असून चुकविणारा वेगळा आणि पीक बुडाल्याने हात रिकामे झालेला वेगळा. दुसऱ्यास कोठडी दाखवून काही निष्पन्न होत नाही. उलट त्याची मजुरी बुडते आणि धनकोच्या पदरचा भत्ताही जातो.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. नवऱ्याने फौजदारी न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे पोटगी दिली नाही म्हणून त्यास कैद झाली, तर त्याच्या जेवणाचे पैसे पत्नीने भरावयाचे नसतात. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमात अशी अट नाही, त्यापूर्वीच्या 125 व्या कलमातही ती नव्हती. या गैरसमजामुळे एखादी भगिनी अर्ज देण्याचे टाळीत असेल तर तिला शेजारच्या शिक्षकांनी हे अवश्य सांगावे.

दिवाणी कैदेपूर्वी न्यायालय सामान्यतः कारण दाखविण्याची नोटीस काढते. पुष्कळ लोक ती घेण्याचेच टाळतात किंवा घेऊन आढ्यावर खोचून ठेवतात. हजर न राहिल्यास वॉरंट निघू शकते. उलट हजर राहून आपली जमीन किती, पीक काय आले, खाणारी तोंडे किती हे सांगितले तर न्यायालयास त्याचा विचार करावा लागतो. वकील देण्याची ऐपत नसणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या अधिनियमान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले सर्वजण, मग त्यांचे उत्पन्न काहीही असो, विनामूल्य साहाय्यास पात्र आहेत. नोटीस सोबत न्यावी. तिच्यावरील तारीख गेलेली नसावी.