इंदूरहून जपानला, भाषेच्या वाटेने

जपान सरकारची ‘मेक्स्ट’ शिष्यवृत्ती शिकवणी शुल्क, विमानप्रवास आणि मासिक भत्ता देते. मध्य प्रदेश मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतो. तेव्हा इंदूरच्या विद्यार्थ्याने दिल्लीआधी मुंबईकडे चौकशी करावी.

जपानी येत नसेल तर अर्जच करता येत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. संशोधनासाठी जाणाऱ्यांना तिथे गेल्यावरही भाषा शिकवतात. मात्र निवडीच्या लेखी परीक्षेत जपानीचा पेपर असतो, आणि जपानमधल्या प्राध्यापकाला त्याच्या भाषेत चार ओळींचे पत्र लिहिता आले, तर उमेदवाराची तयारी त्याला आपोआप दिसते. ‘जपान-अभ्यास’ या प्रकारात तर जपानी भाषा हाच पाया. ही शिष्यवृत्ती विद्यापीठात जपानी शिकणाऱ्यांसाठीच आहे.

जपानी येते याचा दाखला म्हणून जेएलपीटी ही भाषेची परीक्षा उपयोगी पडते. एन-५ सर्वात सोपी, एन-१ सर्वात अवघड. एन-५ वर कोणी भाळत नाही. एन-३, एन-२ पासून खरे वजन येते. भारतातल्या तिच्या केंद्रांपैकी पुणे आपल्या मराठी माणसाच्या ओळखीचे.

मराठी घरातल्या मुलांना एक फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. जपानीतही क्रियापद शेवटी येते आणि विभक्ती नामाच्या मागून लागते. ‘मी भात खातो’ हाच क्रम तिथेही. घाम काढते ती कांजी लिपी. म्हणून अर्जाच्या वर्षी नव्हे, दोन-तीन वर्षे आधी वही उघडा.