थांबण्याचं भाडं

पोकरच्या जगात डॅन हॅरिंग्टनचं टोपणनाव ‘ॲक्शन डॅन’, आणि ते निव्वळ थट्टेनं पडलेलं आहे. डोक्यावर हिरवी बेसबॉल टोपी घातलेला हा गृहस्थ तासन्‌तास पानं बघतो आणि टाकून देतो. तीन पत्तीच्या भाषेत सांगायचं तर पॅक, पॅक आणि पुन्हा पॅक. तरी 1995 मध्ये लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’चा मुख्य किताब त्यानं जिंकला. पुढे 2003 मध्ये 839 खेळाडूंत तो तिसरा आला, 2004 मध्ये 2,576 खेळाडूंत चौथा. लागोपाठ दोनदा हे जमलं, ते नुसतं नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

मग थांबणारा जिंकतो, असं समजायचं का? हौशी खेळाडू नेमके इथेच फसतात. होल्डेम प्रकारात प्रत्येकाला स्वतःची दोन पानं मिळतात. त्यात एक्क्यांची जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे तिची वाट साताठ तास बघायची. तोवर टेबल ब्लाइंडच्या रूपानं भाडं वसूल करत असतं. आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. इथे ब्लाइंड ही पानं वाटण्याआधीच दोघांनी पाळीपाळीनं भरायची सक्तीची रक्कम. स्पर्धेत ती ठरावीक वेळानं वाढत जाते. सकाळी किरकोळ वाटलेला आकडा रात्री चिप्सचा ढीग पोखरू लागतो.

बिल रॉबर्टीबरोबर लिहिलेल्या पुस्तकात हॅरिंग्टननं याचा हिशेब मांडलाय. हातातल्या चिप्सना एका फेरीच्या खर्चानं भागायचं. उत्तराला ‘एम’ म्हणतात, पॉल मॅग्रिएल या खेळाडूवरून. एम विसाच्या वर असेल तर खुशाल थांबा. विसाच्या खाली घसरला की पानांची निवड सैल करावी लागते. पाचाच्या आसपास आला तर बऱ्यापैकी पान दिसताच सगळ्या चिप्स पुढे सारायच्या. त्याहीनंतर एक्के आले तर दुप्पट होऊन हाती काय येणार? चिल्लरच.

बक्षिसांची हद्द जवळ आली की मात्र थांबण्याला वेगळाच भाव येतो. आणखी दोनचार जण बाद झाले की उरलेल्या सगळ्यांना पैसे मिळणार असतात. मग कमी चिप्सवाले श्वास रोखून बसतात आणि मोठे ढीगवाले त्यांना निर्धास्तपणे लुटतात. मला या वेळचा संयम बरेचदा भित्रेपणाच वाटतो.

हॅरिंग्टनचा संयम कशासाठी होता, ते 2004 च्या अंतिम टेबलावर दिसलं. ग्रेग रेमरनं बोली वाढवली, जॉश एरीनं ती स्वीकारली. हॅरिंग्टनच्या हातात छक्का आणि दुरी, म्हणजे जवळपास रद्दीच. त्यानं बोली आणखी चढवली. मागे बसलेल्या डेव्हिड विल्यम्सकडे एक्का-राणी होती. त्यानं ती टाकली. रेमरनं एक्का-दुरी टाकली, एरीनं राजा-नश्शी. इतका वेळ पॅक करत बसलेला माणूस अचानक चढतोय, तर त्याच्याकडे मोठी जोडी असणार, हा तिघांचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. तासन्‌तास भरलेलं भाडं त्यानं या एका डावात वसूल केलं, तेही एकही पान न दाखवता.