काचेमागच्या साक्षीदाराची दृष्टी

शहागंजातील घड्याळाचा मनोरा निजामी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला, तेव्हा त्याच्या भोवती टांगे, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसे यांचीच वर्दळ असे. आज छत्रपती संभाजीनगरच्या या जुन्या पेठेत रिक्षा, दुचाक्या, हातगाड्या आणि मोटारी एकमेकींच्या अंगाला घासून वाट काढीत असतात. कोणाला धक्का लागला, की दोन मिनिटांत पन्नास साक्षीदार जमतात. पोलीस आला, की त्यांतला एकही उरत नाही. साक्ष देण्यात वेळ जातो, रोजगार बुडतो, आणि लाभ दुसऱ्याचा होतो. अशा व्यवहारात माणसे मागे सरतात, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी मोटारीच्या पुढच्या काचेवर बसविलेला डॅशकॅम आता बाजारात स्थिरावला आहे. रशियात चेल्याबिन्स्कवर १५ फेब्रुवारी २०१३ रोजी उल्का फुटली, तेव्हा तिची चित्रे जगभर पोहोचली ती बव्हंशी मोटारींतल्या अशाच कॅमेऱ्यांमुळे. आपल्याकडे ह्युंदाईने २०२३ साली ‘एक्स्टर’ ही छोटी गाडी आणली, तिच्या वरच्या प्रकारांत कारखान्यातूनच दुहेरी डॅशकॅम बसवून दिला. म्हणजे ही वस्तू आता केवळ हौशी मंडळींची राहिलेली नाही. दर वर्षी नवी प्रतिरूपे येतात, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर पहिला दावा असतो तो चित्राच्या दर्जाचा. काल ‘फुल एचडी’ होते, मग ‘टू-के’ झाले, आता ‘फोर-के’. या आकड्यांच्या चढाओढीत ग्राहकाच्या पदरात नेमके काय पडते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

डॅशकॅम विकत घेणारा मनुष्य चित्र विकत घेत नसतो. रम्य देखावा टिपावा असा त्याचा हेतू नसतो. त्याला हवा असतो एक क्रमांक, म्हणजे धडक देऊन निसटणाऱ्या वाहनाच्या पाटीवरील दहा अक्षरे व अंक. ती वाचता आली तर कॅमेऱ्याचे पैसे वसूल झाले, न आली तर बाकीचे सर्व चित्र सुंदर असूनही निरुपयोगी.

या दहा अक्षरांची किंमत कायद्यानेच जवळजवळ ठरवून दिली आहे. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून अमलात असलेल्या केंद्रीय योजनेप्रमाणे मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्यापूर्वी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार इतके केविलवाणे होते. वाहन ओळखता आले, तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ अन्वये, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. आणि चूक सिद्ध करण्याची तयारी असेल, तर मृताचे वय, उत्पन्न व अवलंबून असलेली माणसे पाहून न्यायाधिकरण त्याहून कितीतरी अधिक रक्कम देऊ शकते. म्हणजे पाटी वाचता आली की नाही, एवढ्या एका गोष्टीवर एखाद्या कुटुंबाचे किमान ३ लाख रुपये अवलंबून असतात. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३०,४८६ जण धडक देऊन पळ काढल्याच्या अपघातांत गेली. दर सहा मृत्यूंमागे एकाहून अधिक, असे हे प्रमाण पडते.

आता चित्राकडे वळू. ‘फुल एचडी’ चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. ‘फोर-के’मध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट बिंदू म्हणजे चौपट स्पष्टता, असे खोक्यावरून वाटते. हिशेब मात्र वेगळा आहे. मोटारीच्या पाटीची रुंदी नियमाप्रमाणे ५०० मिलिमीटर असते. आडव्या दिशेने १२० अंशांचा पट्टा टिपणारे भिंग घेतले, तर दहा मीटर अंतरावरची ही पाटी ‘फुल एचडी’ चित्रात जेमतेम ४६ बिंदूंत मावते. एका अक्षराच्या वाट्याला चार-साडेचार बिंदू येतात, आणि तेवढ्यात ८ आणि ३ यांतला फरक कळणे कठीण. ‘फोर-के’त हीच पाटी सुमारे ९२ बिंदूंची होते आणि अक्षरे वाचता येण्याच्या उंबरठ्यावर पोहोचतात. म्हणजे सुधारणा खरी आहे, पण ती रुंदीच्या दिशेने दुप्पट आहे, चौपट नव्हे. भिंग जितके अधिक रुंद, तितके प्रत्येक वस्तूच्या वाट्याचे बिंदू कमी. ‘१७० अंशांचे विशाल दृश्य’ ही जाहिरात वस्तुतः दोषाची कबुली ठरू शकते! दुचाकीची पाटी तर केवळ २०० मिलिमीटर रुंद असून तिच्यावर अक्षरे दोन ओळींत बसविलेली असतात. तिच्यापाशी ‘फोर-के’ही हतबल होते, वाहन अगदी पाच-सहा मीटरांवर असल्यावाचून.

हे झाले दिवसाचे. रात्री प्रश्न बिंदूंचा नसून प्रकाशाचा असतो. कॅमेऱ्यातील संवेदक चकतीचा आकार तोच ठेवून तिच्यावर चौपट बिंदू बसविले, तर प्रत्येक बिंदूचे क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते, आणि तेवढाच प्रकाश त्याच्या वाट्याला येतो. सोनी कंपनीच्या दोन संवेदकांची तुलना या बाबतीत उद्बोधक आहे. तिच्या २० लाख बिंदूंच्या एका चकतीत बिंदूची बाजू २.९ मायक्रॉन होती. त्याच मापाच्या ८० लाख बिंदूंच्या चकतीत ती १.४५ मायक्रॉनवर आली. त्यामुळे कित्येक जुने ‘फुल एचडी’ कॅमेरे रात्री नव्या ‘फोर-के’ कॅमेऱ्यांहून सरस ठरत, हे विक्रेत्याने सांगितले नाही तरी सत्य होते. २०२१ साली जाहीर झालेल्या ‘स्टारव्हिस-२’ या पिढीत मोठ्या चकतीवर दोन मायक्रॉनचे बिंदू आले, एकाच क्षणाची कमी-अधिक प्रकाशातली चित्रे एकत्र करण्याची सोय सुधारली, आणि समोरच्या गाडीच्या दिव्यांच्या झोतात पाटी पांढरीफटक होण्याचे प्रमाण घटले. चित्राच्या दर्जातली अलीकडची खरी प्रगती ही आहे. खोक्यावर मात्र ती सर्वांत बारीक अक्षरांत छापलेली असते.

तरीही एक मर्यादा उरते, आणि ती कोणत्याही कंपनीच्या हातची नाही. प्रकाश कमी असला, की कॅमेऱ्याला प्रत्येक चित्रासाठी झडप अधिक काळ उघडी ठेवावी लागते. सेकंदाच्या तिसाव्या भागात, ताशी ४० किलोमीटर वेगाने आडवे जाणारे वाहन ३७ सेंटिमीटर सरकते. पाटीवरील अक्षराची रेघ एक सेंटिमीटर जाडीची. ती ३७ सेंटिमीटर फासली गेल्यावर उरतो तो फक्त एक फिकट पट्टा. रस्त्यावरचे दिवे चालू असले, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. तेव्हा डॅशकॅमच्या चित्राचा दर्जा काही अंशी महापालिकेच्या विद्युत विभागात ठरतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. बंद मोटारीतल्या काचेमागे जी उष्णता साठते, तिने आतली छोटी बॅटरी फुगते. म्हणून जाणते ग्राहक बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा निवडतात. आणि काचेवरची धूळ पुसली नाही, तर पंधरा हजारांचा कॅमेराही तीन हजारांच्या पातळीवर येतो.

बाजाराच्या दृष्टीने पाहता ही माहितीच्या विषमतेची नमुनेदार घटना आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते, की विकणाऱ्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला तो कळत नाही, तेव्हा चांगला माल बाजारातून हटत जातो. डॅशकॅमची गत त्याच मार्गाने जाण्याची धास्ती आहे. कमी बिंदूंच्या संवेदकाचे चित्र आतल्या आत ताणून त्याला ‘फोर-के’ म्हणणारा माल स्वस्तात मिळतो. दुकानात, भर दुपारी, चार इंची पडद्यावर दोन्ही चित्रे सारखीच दिसतात. फरक कळतो तो अपघाताच्या रात्री, आणि तेव्हा परत करण्याची मुदत संपलेली असते. वातानुकूलन यंत्रांवर आणि शीतकपाटांवर ताऱ्यांची पट्टी लावण्याची पद्धत देशात रुळली, तशी येथेही एक साधी कसोटी ठरविता येण्याजोगी आहे. सूर्यास्तानंतर, ठरावीक प्रकाशात, ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या वाहनाची नियमबद्ध पाटी किती मीटरांवरून वाचता येते, तो एकच आकडा खोक्यावर छापावा. बिंदूंची संख्या छापण्यास कोणाची हरकत नाही. ती खाली छापावी.

चित्र स्पष्ट असले, तरी ते पुरावा म्हणून उभे राहतेच असे नाही. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा आधारभूत निकाल शेजारच्या जालन्यातून उगवला, हा योगायोग लक्षणीय आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले की नाही, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफिती हा त्यातला महत्त्वाचा पुरावा होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरविली. ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल’ या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र देणे बंधनकारक आहे. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही ताबेदाराने ते दिले नाही, तर त्याला शिक्षा भोगावी लागू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने हे प्रमाणपत्र कायम ठेवले, आणि त्यात नोंदीचे ‘हॅश’ मूल्य व तज्ज्ञाची स्वाक्षरी यांची भर घातली.

मोटार चालविणाऱ्या सामान्य माणसासाठी याचा अर्थ साधा आहे. चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविली, की ती दाबली जाते. अक्षरे पुसट होतात, आणि हॅश मूल्यही बदलते. मूळ कार्ड काढून जपून ठेवणे हाच मार्ग. तेही लवकर, कारण हे यंत्र जुन्या चित्रांवर नवी चित्रे लिहीत जाते. सेकंदाला ४० मेगाबिट या वेगाने नोंद करणारा ‘फोर-के’ कॅमेरा तासाला १८ गिगाबाइट जागा खातो. ६४ गिगाबाइटच्या कार्डावर साडेतीन तासच राहतात. टॅक्सीवाल्याला सकाळी दिसलेला अपघात दुपारच्या जेवणापर्यंत पुसलेला असतो. दर्जा वाढला की स्मरण आखूड होते, ही देवघेव जाहिरातीत कोठेच आढळत नाही.

कॅमेरा असतो मोटारवाल्याच्या काचेवर, आणि मरणारे असतात बहुधा इतर. २०२२ च्या मृतांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के, पायी चालणारे १९.५ टक्के होते. म्हणजे ज्याने कॅमेऱ्याचे पैसे मोजले, त्याचा लाभ बऱ्याचदा अनोळखी पादचाऱ्याला होतो. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात, आणि जेथे असा लाभ असतो तेथे लोक समाजाला हवी त्याहून कमी खरेदी करतात. विमा कंपन्यांना चालविण्याच्या सवयींनुसार हप्ता ठरविणारी जोडविमापत्रे देण्यास नियामकाने जुलै २०२२ मध्ये मुभा दिली. त्याच रीतीने कसोटीस उतरलेल्या कॅमेऱ्याला हप्त्यात सवलत देणे त्यांच्याच हिताचे आहे, कारण खोटे दावे त्याने कमी होतील.

शहागंजातल्या एखाद्या फळविक्रेत्याचा चेहरा दिवसभरात शेकडो गाड्यांत नोंदला जाणार, हा आक्षेप मात्र हलक्याने घेण्याजोगा नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी, अखंड चित्रण हे विदासंरक्षणाच्या नियमांविरुद्ध असले तरी अपघाताच्या खटल्यात ते पुरावा म्हणून स्वीकारता येते, असा तोल साधला. आपला २०२३ चा वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम खाजगी व घरगुती वापराला वगळतो. भाड्याची रिक्षा किंवा माल वाहणारा टेम्पो हा खाजगी वापर मानावयाचा काय, हा प्रश्न उरतोच. आणि शहागंजातून दिवसभर फिरणारी वाहने मुख्यतः तीच आहेत.