स्वादुपिंडाची गाठ आणि बुडबुड्यांची सोनोग्राफी

स्वादुपिंड जठराच्या मागे इतके आत दडलेले असते की, तेथे गाठ असल्याचे कळताच रुग्ण व त्याचे आप्त भयभीत होतात, आणि पुढे जी जी तपासणी सुचविली जाईल तिच्याविषयी ऐकीव माहितीवरून नाना ग्रह करून घेतात. ‘कॉन्ट्रास्ट’ देऊन करावयाच्या सोनोग्राफीच्या वाट्याला तर असे ग्रह अधिकच आले आहेत.

पैकी एक असा की, हे कॉन्ट्रास्ट म्हणजे सी. टी. स्कॅनच्या वेळी देतात तेच आयोडीनयुक्त द्रव्य, सबब मूत्रपिंड दुर्बल असलेल्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. वस्तुतः येथे शिरेत सोडतात ते बहुधा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, फॉस्फोलिपिडाच्या तलम कवचातील बुडबुडे. त्यांत आयोडीनाचा अंशही नसतो, आणि वायू मूत्रपिंडाला तोशीस न देता काही मिनिटांत उच्छ्वासावाटे निघून जातो. शिरेत हवा गेल्यास प्राणावर बेतते, ही धास्तीही येथे अनाठायी होय. कारण या बुडबुड्यांचा सरासरी व्यास सुमारे २.५ मायक्रॉन, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या निम्म्याहूनही कमी असल्याने फुप्फुसांतील केशवाहिन्यांतून ते विनासायास पार होतात. इटलीतील एका पाहणीत, जी २००६ साली प्रसिद्ध झाली, पोटाच्या २३,१८८ तपासण्यांत गंभीर विपरीत परिणाम अवघे दोन आढळले. तरीही पूर्वी कशाची ॲलर्जी झाली असल्यास ती डॉक्टरांना आधी सांगावीच.

विस्ताराने खुलासा करावयास हवा तो मात्र निराळ्याच समजुतीचा: पडद्यावर जे उजळते तोच कर्करोग, असे पुष्कळजण धरून चालतात. बुडबुडे रक्तवाहिन्यांबाहेर पडत नाहीत, म्हणून पडद्यावरील उजेड हा निव्वळ रक्तप्रवाहाचा दाखला असतो. आणि स्वादुपिंडाला सारे रक्त धमन्यांतूनच मिळत असल्यामुळे, महाधमनी उजळताच ते निरोगी असल्यास जवळजवळ तिच्यासोबतच उजळते. त्याच्या नलिकांतून उद्भवणारा, सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आपल्याभोवती तंतुमय ऊतींचा घट्ट वेढा रचतो; त्यात वाहत्या रक्ताला वाव थोडा, म्हणून उजळलेल्या स्वादुपिंडात तो बहुधा काळपट डाग होऊन उरतो. उलट न्यूरोएंडोक्राइन गाठ रक्तवाहिन्यांनी समृद्ध असल्यामुळे प्रायः पहिल्या अर्ध्या मिनिटातच झळकून उठते, आणि हिची वाटचाल पुष्कळदा पहिल्याइतकी दारुण नसते. जुनाट दाहाने झालेली सूज सहसा शेजारच्या भागाच्याच गतीने उजळते. द्रवाने भरलेल्या पोकळीची गोष्ट आणखी वेगळी: दाहानंतर साचलेल्या द्रवाच्या पोकळीत आत काहीच उजळत नाही, परंतु पोकळीतील पडदे वा भिंतीवरचा उंचवटा उजळला तर ती अर्बुदाची असावी असा संशय बळावतो.

‘बहुधा’, ‘सहसा’ हे शब्द येथे हेतुपुरस्सर योजले आहेत. कारण या एका तपासणीवर अंतिम फैसला सोडावा, हाही गैरसमजच आहे. आतड्यांतील वायू वा पोटावरील चरबी आड आली की स्वादुपिंडाचे शेपूट दिसेनासे होते. अशा वेळी दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफी जठरातून जवळ नेतात. रोग कोठवर पसरला याचा तपशील मुख्यतः सी. टी. स्कॅन देतो, आणि गाठीचा प्रकार अखेर पेशी पाहूनच ठरतो. मात्र त्यासाठी गाठीचा तुकडा घेतानाही बुडबुडे उपयोगी पडतात: गाठीचा मृत भाग उजळत नसल्याने तो टाळून, जेथे रक्त खेळते आहे अशा जागी सुई नेता येते.