जुन्या पडद्यावरचे खेळ

आमच्या घरी गेली काही वर्षे एका टी.व्ही.वरून धुसफूस चालू आहे. हा टी.व्ही. भिंतीला टांगायच्या पातळ, नव्या धर्तीचा नव्हे. जुना आहे, पुढे फुगीर काच, मागे मोठे पोट, आणि उचलायला दोन माणसे लागतात. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की सौ. माझ्याकडे पाहते आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालतो. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला या खोक्याचा काय उपयोग, असा तिचा सवाल आहे. खरे उत्तर दिले तर हसू होईल, म्हणून आजवर दिले नाही. ते आज तुम्हांला देतो. मला त्या टी.व्ही.वर बदके मारायची असतात.

तुमच्यापैकी जी मंडळी आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळले असेल. 1990 नंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावीदेखील एक चपटे यंत्र येऊन पोहोचले होते. ते टी.व्ही.ला जोडायचे, वरच्या खाचेत ‘कॅसेट’ खोचायची, आणि दोघांनी दोन ‘रिमोट’ हातात घ्यायचे. बरोबर प्लॅस्टिकची एक बंदूक यायची. ज्यांच्या घरी हे नव्हते ते दुकानात तासावर पैसे देऊन खेळत. आमच्याकडे ते आले याचे कारण माझ्या थोरल्या भावाने, दादाने, वडिलांजवळ धरलेला हट्ट. वडील शिक्षक होते. ‘यातून काही शिकाल तर खरे,’ एवढेच ते बोलले होते. ते वाक्य मी विसरलो नाही, आणि आजचे हे बोलणे म्हणजे एका अर्थी त्यांनाच उशिरा दिलेले उत्तर आहे.

यंत्राचे मूळ जपानात. क्योतो शहरात 1889 साली खेळायचे पत्ते तयार करणारी एक पेढी निघाली, तिचे नाव निन्टेन्डो. याच पेढीने पुढे 15 जुलै 1983 रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे यंत्र जपानात विकायला काढले. मासायुकी उएमुरा हे त्याच्या रचनेचे प्रमुख. आपल्याकडे घरोघर आलेली यंत्रे बहुतेक त्याच्या नकला होत्या, हे कबूल केले पाहिजे. आम्हां पोरांना तेव्हा अस्सल-नक्कल याची काय कल्पना? कॅसेट लागली नाही की काढायची, तिच्या तोंडात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची, एवढे शास्त्र आम्हांला ठाऊक. आता कळते की तेही चुकीचे होते. फुंकरीतल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या उलट गंजतात. कॅसेट चाले ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. खेड्यापाड्यांतल्या कित्येक अंगाऱ्या-धुपाऱ्यांची कथा याहून निराळी नाही, पण तो विषय वेगळा.

आता मारियोकडे वळू. ‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा खेळ 13 सप्टेंबर 1985 रोजी जपानात आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ही त्याची मुख्य रचनाकार मंडळी, आणि संगीत कोजी कोन्दो यांचे. गुरुजनहो, इथे जरा लक्ष द्या, कारण या खेळाचा पहिला टप्पा म्हणजे मला आजवर दिसलेल्या उत्तम पाठांपैकी एक पाठ आहे, आणि त्यात शिक्षक एक अक्षरही बोलत नाही.

पडदा उघडतो तेव्हा मारियो डाव्या कडेला उभा असतो, तोंड उजवीकडे, आणि उजवीकडे सगळे मोकळे रान. कुणी सांगावे लागत नाही. पोर उजवीकडे चालू लागते. थोड्याच अंतरावर प्रश्नचिन्हाचा एक लकाकता ठोकळा हवेत लटकलेला दिसतो आणि समोरून भुवया आक्रसलेला एक बुटका तपकिरी प्राणी चालत येतो. पोर त्याला धडकते आणि मरते. हरकत नाही, चार पावलेच मागे जावे लागते. दुसऱ्या खेपेस ते उडी मारते. उडी नेमकी साधली तर प्राण्याच्या डोक्यावर पडते आणि प्राणी चपटा होतो. किंवा डोके ठोकळ्यावर आपटते आणि आतून नाणे निघते. एका उडीत दोन गोष्टी समजल्या: शत्रूला वरून तुडवायचे आणि ठोकळ्याला खालून ठोकायचे.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या एका ठोकळ्यातून अळंबी निघते. आता पोराची पंचाईत होते. समोरून चालत येणारी वस्तू जीव घेते, हे ते नुकतेच शिकलेले. मग ही अळंबी मित्र की वैरी? रचनाकारांनी इथे फार सुरेख युक्ती केली आहे. अळंबी आधी उजवीकडे, म्हणजे पोरापासून दूर, सरपटत जाते. पुढे एक हिरवा नळ उभा आहे, त्याला आपटून ती उलटी फिरते आणि पोराकडेच येते. घाबरून उडी मारावी तर डोक्यावर विटांची रांग, तिला डोके लागते आणि पोर बहुधा अळंबीवरच येऊन पडते. मरतो की काय असे वाटत असतानाच मारियो दुप्पट उंच होतो. भीती वाटली, आणि मग बक्षीस मिळाले. हे पोर ती अळंबी जन्मात विसरत नाही.

टप्प्याच्या शेवटाकडे आणखी एक जागा आहे. दोन बाजूंना दोन जिने आणि मध्ये मोकळी जागा, अशी रचना लागते. उडी चुकली तर माणूस मधल्या जमिनीवर उतरतो, त्याला काही होत नाही. थोडे पुढे गेले की हुबेहूब तेच दोन जिने, पण या खेपेस मध्ये जमीन नाही, खड्डा आहे. आधी सराव आणि मग परीक्षा! आम्ही पुष्कळदा परीक्षाच आधी घेतो, हे माझ्यासकट सगळ्यांनी मान्य करावे. आट्यापाट्या आपण कुठे नियम वाचून शिकलो? पाटीवर उभे राहून, बाद होऊनच शिकलो. मियामोतोंनी तीच रीत काचेच्या पडद्यावर आणली, असे माझे मत आहे.

हे सगळे केवढ्या जागेत बसवले असेल? कॅसेटमध्ये एकूण 40 किलोबाइट जागा, चित्रांसाठी त्यातली अवघी 8. मोबाइलवर आपण सहज काढतो त्या एका फोटोला याच्या पन्नास-शंभर पट जागा लागते. म्हणून काटकसर पाहा: आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरे रंगवलेले आणि एकदा हिरवे. मी वर्षानुवर्षे खेळलो, मला पत्ता लागला नाही. मारियोला टोपी आणि मिशा का आहेत? कारण 1981 सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळात तो प्रथम आला तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत केस आणि तोंड काढणे जमेना. केस टोपीखाली झाकले, तोंड मिशांखाली. घरात जिन्नस थोडे असले की स्वयंपाक करणारीची बुद्धी जास्त चालते, त्यातलाच हा प्रकार.

पण जुने ते सारे सोने, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. जुन्या खेळांत टाकाऊ माल पुष्कळ होता. 1982 साली अमेरिकेत अटारी कंपनीने ‘ई.टी.’ या चित्रपटावरून एक खेळ काढला. तो पाच-साडेपाच आठवड्यांत उरकलेला होता. न खपलेल्या कॅसेटी पुढल्या वर्षी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो गावाच्या उकिरड्यात पुरल्या गेल्या आणि 2014 साली खणून काढल्या तेव्हा त्यांत हा खेळ सापडलाही. आमची फसवणूक घरगुती स्वरूपाची होती. दादाने आणि मी खाऊचे पैसे साठवून ‘9999 खेळ’ असे छापलेली कॅसेट आणली. त्यात खेळ निघाले मोजून सात, बाकी सगळी नावे बदलून तेच ते. परत करायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘सगळे खेळून पाहिलेस का?’ यावर बारा वर्षांचे पोर काय बोलणार!

दुसरा दोष काठिण्याचा. दुकानांत नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा हिशेब असा की माणूस लवकर मेला पाहिजे, म्हणजे दुसरे नाणे पडते. घरच्या यंत्रात नाणे नव्हते, तरी ती खोड राहिली; आणि जागा थोडी असल्याने खेळ आखूड, तो आखूड वाटू नये म्हणून अवघड. अवघडपणा आणि खोली या दोन गोष्टी एकच समजणारे रसिक मला पटत नाहीत. कवितेतही तसे रसिक भेटतात.

‘कॉन्ट्रा’ हा असा अवघड खेळ. घरच्या यंत्रावर तो 1988 साली आला. एक गोळी लागली की जीव गेला, आणि जीव तीनच. मात्र सुरुवातीच्या पडद्यावर वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, मग बी आणि ए, अशी बटणे दाबली की तीनाचे तीस होत. हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो यांचा. 1986 सालच्या ‘ग्रेडियस’ या खेळाची तपासणी करताना तो त्यांना स्वतःलाच जड जाई, म्हणून सोयीसाठी त्यांनी ही चोरवाट ठेवली आणि ती तशीच राहून गेली. इंग्रजीचा पाढा न येणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलांना हा मंत्र तोंडपाठ होता.

या खेळात धबधब्याचा एक टप्पा आहे. दोघांनी मिळून खडकावरून खडकावर वर चढायचे. पडदा वर सरकतो तो पुढच्या गड्याबरोबर. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेला गेला की मरतो. गोळी नाही, शत्रू नाही, जोडीदाराच्या घाईनेच मरतो. दादा हाताचा चपळ. पहिले काही दिवस मी दर वेळी मेलो आणि दर वेळी भांडलो. मग एके दिवशी तो खडकावर नुसता उभा राहिला. ‘ये, मी थांबलोय,’ म्हणाला. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी धबधबा पार केला. दादाला पुढे शिक्षण सोडून लवकर नोकरी धरावी लागली, माझे एम.ए. त्याच्या पगारावर झाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही.

बदकांचे राहिले. ‘डक हंट’ हा खेळ 1984 चा. पडद्यावर बदक उडते, तुम्ही बंदूक रोखता, चाप ओढता, बदक पडते. बंदुकीतून काही सुटते आणि पडद्याला लागते, असे आम्हांला वाटे. प्रत्यक्षात उलटे आहे. बंदूक काही सोडत नाही, ती पाहते! तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. चाप ओढताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या डोळ्याला आधी काळोख आणि मग उजेड दिसला तर नेम बरोबर. आधी काळोख का? कारण कुणी लबाडाने बंदूक दिव्याकडे धरली तर तिला उजेडच उजेड दिसेल आणि चोरी पकडली जाईल. हे सगळे सेकंदाच्या काही साठाव्या हिश्शांत उरकते, म्हणून डोळ्याला नुसती लकाकी जाणवते.

नव्या पातळ टी.व्ही.वर हे चालत नाही. जुन्या टी.व्ही.त इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळीमागून ओळ ओढत जाई, चित्र आले की लगेच दिसे. नवा टी.व्ही. आलेले चित्र आधी आपल्या पोटात घेतो, संस्कार करतो, मग दाखवतो. तो उशीर आपल्याला कळत नाही, पण बंदुकीला कळतो. ती पाहते तेव्हा पांढरा चौकोन अजून आलेलाच नसतो. चिरंजीवांना मी हा खेळ नव्या टी.व्ही.वर दाखवू गेलो तेव्हा एकही बदक पडले नाही, आणि बाप खोटे बोलतो असे त्यांचे मत झाले.

हा प्रश्न एकट्या माझ्या घरचा नाही. जुन्या खेळांची जपणूक करणाऱ्या एका अमेरिकन संस्थेने 2023 साली पाहणी केली, तेव्हा तिकडे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात सरळ मार्गाने मिळत नाहीत असे दिसले. आपल्याला हे ऐकून नवल वाटू नये. ‘आलम आरा’, 1931 सालचा आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. त्या काळी कुणालातरी ती रिळे म्हणजे भंगारच वाटली असणार.

आमच्या टी.व्ही.चा वरचा उजवा कोपरा आता हिरवट दिसू लागला आहे. दुरुस्ती करणारे गृहस्थ म्हणाले, सर, याची नळी कुठे मिळणार नाही. गेल्या दिवाळीत दादा आला तेव्हा सौ.नेच तो पुसून ठेवला होता. दादाची दृष्टी आता अधू झाली आहे, बोटेही पूर्वीसारखी चालत नाहीत. धबधब्याचा टप्पा आला. मी भराभर चढत होतो, आणि खालून दादाचा आवाज आला, ‘अरे, थांब की जरा!’