अपग्रेडनंतर फॉर्ममधला डेटा का हरवतो?

जेएसएफ २.३ मध्ये ‘मॅनेज्डबीन’ ॲनोटेशन कालबाह्य ठरलं, म्हणून आपण त्याजागी सीडीआयचं ‘नेम्ड’ लावतो. कोड कंपाइल होतो, पानही उघडतं. पण फॉर्म भरून ‘जतन करा’ दाबलं, की मूल्यं नल! आणि एररही नाही. असं का होतं?

‘व्ह्यूस्कोप्ड’ची इम्पोर्ट ओळ बघू या. ती अजून ‘जावाएक्स.फेसेस.बीन’ पॅकेजमधली असते. सीडीआय हा स्कोप ओळखत नाही, बीनला ‘डिपेंडंट’ धरतो. मग पानावरच्या प्रत्येक एक्स्प्रेशनला नवा बीन मिळतो: नाव एकात भरलं जातं, जतन दुसराच करतो.

उपाय सोपा आहे. इम्पोर्ट ‘जावाएक्स.फेसेस.व्ह्यू’मधून घ्यायचा, क्लास सिरियलायझेबल करायचा. फेसेस ४.० मध्ये जुनं पॅकेजच काढलंय, तिथे कंपायलर तरी ओरडतो. २.३ मात्र गप्प बसतं, आणि रिकाम्या नोंदी डेटाबेसमध्ये साठत जातात.