एफसी पुणे सिटी: २०१७-१८ हंगामातील पहिले आठ सामने

एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमधला पुणे जिल्ह्याचा संघ होता. २०१४, २०१५ आणि २०१६ या पहिल्या तीन हंगामांत तो अनुक्रमे सहावा, सातवा आणि पुन्हा सहावा आला. उपांत्य फेरी एकदाही गाठता आली नाही. चौथ्या हंगामात हे चित्र पालटले. त्याची सुरुवात २२ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१७ या काळातल्या पहिल्या आठ सामन्यांत झाली. या आठांपैकी पाच सामने घरच्या मैदानावर, बालेवाडीत झाले आणि त्यातले तीन संघाने गमावले. बाहेरगावचे तिन्ही सामने मात्र त्याने जिंकले. जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या चाहत्याला ही बाहेरची कामगिरी विशेष महत्त्वाची होती, कारण त्याचा बहुतेक हंगाम पडद्यावरच जायचा.

हे दोन्ही तालुके मुळात कुस्ती आणि कबड्डीचे. बालेवाडीचे क्रीडासंकुलही इथल्या अनेकांना आधी माहीत झाले ते पुणेरी पलटण या कबड्डी संघामुळे. प्रो कबड्डीचा २०१७ चा हंगाम ऑक्टोबरअखेर संपला आणि तीन आठवड्यांत, १७ नोव्हेंबरला, फुटबॉलची लीग सुरू झाली. बंगळूरू आणि जमशेदपूर हे दोन नवे संघ आल्याने संघांची संख्या दहा झाली आणि प्रत्येकाच्या वाट्याला अठरा सामने आले. बहुतेक सामने रात्री आठचे. बारामतीहून बालेवाडी शंभर-सव्वाशे किलोमीटर, इंदापूरहून दीडशेच्या घरात. शिवाय बालेवाडी पुण्याच्या पश्चिम टोकाला. सोलापूर रस्त्याने हडपसरला पोचलेल्या माणसाला पुढे अख्खे शहर ओलांडावे लागते. रात्री दहाच्या सुमारास सामना सुटल्यावर स्वारगेट गाठून एसटीने परतायचे, तर दुसऱ्या दिवशीची रजाच टाकावी लागे.

त्यात हे दिवस कामाचे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर या सगळ्या साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नोव्हेंबरात सुरू झालेला असतो, रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते आणि रब्बीच्या पिकांना रात्रीच्या विजेवर पाणी द्यावे लागते. मोटर चालू करून बांधावर बसलेला तरुण मोबाइलवर सामना लावी. बारे भरले की उठून पाणी पुढच्या सरीत वळवी, परत येई तोवर कधी गोल होऊन गेलेला असे. स्वस्त डेटा येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याआधी असा चाहता घडणे अवघडच होते.

हंगामाच्या तोंडावर संघात मोठे फेरबदल झाले होते. प्रशिक्षकपदी अंतोनियो हबास यांच्या जागी सर्बियाचे रँको पोपोविच आले. दिल्ली डायनामोजकडून दहा गोल करून २०१६ चा सर्वाधिक गोलांचा मान मिळवणारा ब्राझीलचा मार्सेलिन्यो आणि नॉर्थईस्ट युनायटेडचा उरुग्वेयन आघाडीवीर एमिलियानो अल्फारो या दोघांना पुण्याने घेतले. त्यांच्या जोडीला दिएगो कार्लोस, मधल्या फळीत मार्कोस तेबार, जोनातान लुका आणि गोव्याचा आदिल खान होते. विशाल कैथ आणि आशिक कुरुनियन ही तरुण भारतीय मुलेही याच चमूत होती.

पहिलाच सामना घरी आणि तोही मार्सेलिन्योच्या जुन्या संघाशी. उत्तरार्धात दिल्लीने वीस मिनिटांत तीन गोल चढवले. अल्फारो आणि तेबार यांनी दोन फेडले, तरी निकाल २-३ असाच राहिला. चारच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, संघ कोलकात्यात गतविजेत्या एटीकेसमोर उभा राहिला. मार्सेलिन्योच्या गोलने पुणे मध्यंतराला पुढे होते. मध्यंतरानंतर बिपिन सिंगने बरोबरी साधली, पण दुसऱ्याच मिनिटाला रोहित कुमारने पुण्याला पुन्हा आघाडीवर नेले. मग मार्सेलिन्योचा दुसरा गोल, शेवटी अल्फारोचा, ४-१. आठ सामन्यांतला सर्वांत महत्त्वाचा क्षण रोहितच्या त्या गोलचा मानावा लागेल. बरोबरी झाल्यावरही संघ तिथे कोसळला नाही.

२९ नोव्हेंबरला मुंबई सिटी बालेवाडीत आली. बलवंत सिंगच्या गोलमुळे मुंबई तासभर पुढे होती. अल्फारोने पेनल्टीवर बरोबरी केली आणि भरपाई वेळेत दुसरा गोल करून सामना २-१ असा फिरवला. घरच्या प्रेक्षकांना मिळालेला हा हंगामातला पहिला विजय. पुढच्या रविवारी चेन्नईयिनकडून शेवटच्या दहा मिनिटांत एकमेव गोलने हार पत्करावी लागली. १० डिसेंबरला जमशेदपुरात आदिल खानच्या गोलवर १-० असा विजय मिळाला. तोवर जमशेदपूरने त्या हंगामात एकही गोल खाल्ला नव्हता.

१४ डिसेंबरचा बंगळूरूविरुद्धचा सामना मात्र चटका लावून गेला. आदिलच्याच गोलमुळे पुणे पुढे होते. मध्यंतरानंतर बलजीत साहनीला लाल कार्ड मिळाले, दहा जणांवर खेळायची वेळ आली आणि मिकूचे दोन व सुनील छेत्रीचा एक असे तीन गोल झाले. २३ डिसेंबरला गोव्यात, लीगमधल्या सर्वांत आक्रमक संघाला, २-० असे हरवले. वर्ष सरता सरता, ३० डिसेंबरला, नॉर्थईस्टचा बालेवाडीत ५-० असा धुव्वा उडाला. मार्सेलिन्योची हॅटट्रिक, आशिक आणि आदिलचा एकेक गोल.

आठ सामन्यांत पाच विजय, तीन पराभव, एकही बरोबरी नाही. गुण १५, केलेले गोल १७, खाल्लेले ९. बाहेर संघ अधिक खुलला याचे कारण त्याच्या खेळातच दिसते. यजमान संघ चढाईसाठी पुढे सरकला की त्याच्या बचावामागे जागा मोकळी होई, आणि मार्सेलिन्यो व दिएगो कार्लोस यांना तीच हवी असे. घरी मात्र पुण्यालाच चढाई करावी लागे, मागे खिंडार पडे. दिल्लीविरुद्धच्या उत्तरार्धात तेच झाले.

उरलेल्या दहा सामन्यांत संघाने आणखी १५ गुण मिळवले आणि ३० गुणांसह चौथ्या क्रमांकावर राहून पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. तिथे पुन्हा बंगळूरू आडवे आले. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीत गोलशून्य बरोबरी झाली, ११ मार्चला बंगळूरूत छेत्रीच्या हॅटट्रिकपुढे १-३ अशी हार झाली.

पोपोविच त्यानंतर संघात राहिले नाहीत. २०१८-१९ मध्ये संघ सातवा आला आणि २०१९ मध्ये क्लब बंद झाला. लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. त्यानंतर इंडियन सुपर लीगमध्ये पुणे जिल्ह्याचा संघ उतरलेला नाही.